मनगटावरचे माप

वाशीम हे गाव एकेकाळी वत्सगुल्म या नावाने ओळखले जात असे. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती, हे आपण इतिहासात वाचतो. या नावाला आणखी एक मान लाभला होता, तो मात्र फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाणारी जी मध्यरेखा प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी कल्पिली, तिच्यावरील स्थळांमध्ये वत्सगुल्माची गणना होत असे. शहरातील मध्यमेश्वराचे मंदिर ही त्या स्मृतीची खूण मानली जाते. आजचा नकाशा समोर ठेवला, तर वाशीम हे उज्जैनच्या पूर्वेला एका अंशाहून अधिक अंतरावर असल्याचे दिसते. उज्जैनच्या माथ्यावर सूर्य येण्यापूर्वी पाचेक मिनिटे तो आमच्या माथ्यावर येऊन गेलेला असतो. म्हणजे ही दोन्ही गावे एका रेषेवर नव्हती. तरीही त्या गणिताच्या आधारे पंचांगे मांडली गेली आणि लोकांचे सणवार व पेरण्या पार पडल्या. माप उपयोगी असते आणि त्याच वेळी ते अपुरेही असते, हे वाशीमकरांना कुणी वेगळे शिकवायला नको.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की मापाचे एक नवे साधन आमच्या जिल्ह्यातील मनगटांवर येऊन बसले आहे. एक काळ असा होता, की एचएमटीचे घड्याळ हे लग्नात जावयाला द्यावयाचे मानाचे लेणे होते. बंगळुरूच्या कारखान्यात 1961 साली त्या घड्याळांचे उत्पादन सुरू झाले, आणि 2016 साली सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. मधल्या काळात मोबाइल आला आणि मनगटे मोकळी झाली. आता ती पुन्हा भरू लागली आहेत. हजार-दीड हजारापासून तीन हजार रुपयांपर्यंत मिळणारे स्मार्टवॉच शिक्षकाच्या हातात दिसते, किराणा दुकानदाराच्या हातात दिसते, आणि मिस्सेला आलेल्या तरुणांपैकी कित्येकांच्या हातात दिसते. हे घड्याळ वेळ सांगतेच. शिवाय पावले मोजते, नाडी मोजते, झोप मोजते आणि रक्तातील प्राणवायूही मोजल्याचे सांगते. जी गोष्ट आपल्याला दिवसभर आपल्याविषयी काहीतरी सांगत राहते, ती आपल्या मनावर काय परिणाम करते, हा प्रश्न नीतीचा आहे. म्हणून त्याचा विचार येथे करावासा वाटतो.

प्रथम या यंत्राचे न्याय्य मूल्यमापन केले पाहिजे. मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहणारा वैद्य आपल्याला परिचित आहे. इंग्लंडमधील सर जॉन फ्लॉयर या वैद्याने 1707 साली नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे खास घड्याळ वापरात आणले. बोटे वैद्याची आणि मोजणी घड्याळाची, अशी ती जोडी होती. आजच्या घड्याळाने बोटांचेही काम आपल्याकडे घेतले आहे. त्याच्या पाठीवर हिरवा प्रकाश टाकणारे इवले दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्त किंचित वाढते आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. त्या चढउतारावरून घड्याळ नाडीचा हिशेब करते. पावलांसाठी हालचाल ओळखणारा दुसरा एक सूक्ष्म भाग असतो. हाताचे हेलकावे पाहून तो पावलांचा अंदाज बांधतो. वाचकांनी 'अंदाज' हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे.

या अंदाजाचे गुण खरे आहेत. माणूस शांत बसलेला असेल आणि पट्टा नीट आवळलेला असेल, तर स्वस्त घड्याळही नाडीचा आकडा बऱ्यापैकी जवळचा देते. एका दिवसाचा आकडा फारसे बोलत नाही, पण सहा आठवड्यांच्या आकड्यांना एक कल असतो आणि तो बोलका असतो. मधुमेह जडलेला गृहस्थ 'मी रोज भरपूर चालतो' असे मनापासून समजत असतो. दिवसाकाठी आपली दोन हजार पावलेही होत नाहीत, हे त्याला घड्याळ सांगते आणि तो संध्याकाळी चपला घालतो. ज्या आजीला फोनची घंटी ऐकू येत नाही, तिला मनगटावरील थरथर कळते. गोळीची वेळ चुकत नाही. चार-सहा दिवस चार्जिंगची आठवण होत नाही. जी सोय पूर्वी श्रीमंतांनाच परवडत असे, ती दीड हजारात आमच्या मालेगाव-मानोऱ्यात पोहोचली, ही गोष्ट नाक मुरडण्यासारखी खचितच नाही.

'दहा हजार पावले' हा जो मंत्र सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगम मात्र पाहण्यासारखा आहे. तो कोणत्याही प्रयोगशाळेत झालेला नाही. टोकियोतील 1964 च्या ऑलिंपिक स्पर्धांनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. 1965 साली तेथील एका कंपनीने पावले मोजणारे साधन विक्रीस आणले आणि त्याचे नाव ठेवले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मोजयंत्र. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून तो जगभर रुजला. पुढे संशोधकांनी पंधरा अभ्यास एकत्र करून जे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध केले, त्यांनुसार साठीच्या पुढील माणसांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत लाभ वाढत जातो आणि नंतर तो जवळजवळ स्थिरावतो. त्याहून तरुणांसाठी ही मर्यादा आठ ते दहा हजारांची आहे. तेव्हा साडेसहा हजारांवर थांबलेल्या आजोबांनी रात्री अंगणात येरझारा घालून स्वतःला शिक्षा करण्याचे कारण नाही.

दोषांकडे वळताना आधी तरुणांचे उदाहरण घेऊ. आमच्याकडे पहाटेच्या अंधारात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्याने धावताना दिसतात. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते, आणि तेथे एकेका सेकंदाला गुण असतात. स्वस्त घड्याळांपैकी बहुतेकांत उपग्रहावरून जागा ओळखण्याची स्वतःची सोय नसते. ती खिशातल्या फोनवर अवलंबून असतात. फोन घरी ठेवला, की घड्याळ पावलांना पावलाच्या सरासरी लांबीने गुणून अंतर सांगते. या हिशेबात दहा टक्क्यांची चूक झाली, तर 1600 मीटरमध्ये 160 मीटरचा फरक पडतो. मनगटाने 'उत्तीर्ण' ठरविलेला मुलगा मैदानावर अनुत्तीर्ण होऊ शकतो. 400 मीटरचे आखलेले मैदान आणि त्याच्या चार फेऱ्या, हे जुने माप येथे अधिक विश्वासू आहे.

याहून गंभीर बाब आरोग्याची आहे. 2020 आणि 2021 ही वर्षे आपल्यापैकी कोण विसरला आहे? 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघरी येऊन बोटाला लावले जाणारे ते छोटे यंत्र प्रत्येक ओसरीने पाहिले. त्यामागील तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात शोधून काढले होते. ज्या एप्रिल 2020 मध्ये जगाला त्याची नितांत गरज भासू लागली, त्याच महिन्यात ते निवर्तले. त्या दिवसांपासून प्राणवायूच्या आकड्याविषयी आपल्या मनात भीतीयुक्त आदर आहे, आणि बाजाराला हे ठाऊक आहे. परंतु बोटातून आरपार जाणारा प्रकाश वाचणे आणि मनगटावरून उलट फिरलेला प्रकाश वाचणे यांत फरक आहे. पट्टा सैल असला, हात थंड पडलेला असला, घाम असला, तर वाचन बिघडते. आमच्याकडील जुन्या बायकांच्या मनगटांवर गोंदण असते. त्या हिरव्या शाईतून प्रकाश नीट जात नाही. रक्तातील साखर टोचल्याविना सांगतो असा दावा करणारी घड्याळेही विकली जातात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर इशारा दिला, की अशा प्रकारे स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला तिने मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिनची मात्रा बदलली, तर स्वस्त घड्याळ फार महाग पडेल.

छातीत कळ आली आहे, घाम फुटला आहे, आणि मनगटावर नाडी 76 दिसते. म्हणून 'सकाळी पाहू' असे म्हणणे हा जिवाशी खेळ आहे. हृदयविकाराचा झटका ओळखणे हे या घड्याळाचे कामच नव्हे. अशा वेळी घड्याळाकडे पाहण्यात घालवायला एक क्षणही नसतो. 108 क्रमांक फिरवावा आणि जवळचे रुग्णालय गाठावे. 2024 साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील डॉक्टरांच्या डोळ्यांना जे दिसते, ते मनगटावरील काचेला दिसत नाही.

येथवर झाली ती उपयुक्ततेची चर्चा. आमच्या मनाला अधिक बोचणारी गोष्ट पुढे आहे.

आश्विनात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. बाया पहाटे भाकऱ्या बांधून शेतात जातात. सहा-सात तास कमरेत वाकून, उकिडव्या सरकत, विळ्याने त्या पात मागे टाकतात. त्यांच्यापैकी एकीच्या मनगटावर हे घड्याळ बांधले असे क्षणभर समजू. हात विळ्यात गुंतलेला. चालताना पडतो तसा त्याचा झोका नाही. पाय चार-चार बोटे पुढे सरकतात. घड्याळ यांतील फारच थोडे पाहील, आणि दुपारी केव्हातरी थरथरून सुचवील, की फार वेळ बसून राहिलात, जरा उठा, चाला! संध्याकाळी डोक्यावर हंडा घेऊन ती विहिरीवरून येते, तेव्हाही दोन्ही हात हंड्याला लागलेले असतात; ती पावलेही पुष्कळशी गळतात. दरम्यान, घरच्या ओट्यावर बसून गप्पांत हात नाचविणाऱ्याच्या नावावर न चाललेली पावले जमा होऊ शकतात. खडबडीत रस्त्यावर मोटारसायकल चालविणाऱ्याचेही तसेच.

यात घड्याळाचा लबाडपणा नाही. ज्यांच्यासाठी ते घडविले, त्या माणसांचे जगणे त्याने प्रमाण मानले आहे. दिवसभर खुर्चीत बसणारा आणि म्हणून चालण्याची आठवण करून द्यावी लागणारा माणूस त्या कारागिरांच्या डोळ्यांसमोर होता. सोंगणी करणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. आमच्या घरांतही वेगळे काय आहे? घड्याळ विकत घेतले जाते ते बहुधा कर्त्या पुरुषासाठी किंवा कॉलेजातल्या मुलासाठी. जिची पावले घरात सर्वांत अधिक, तिचे मनगट बांगड्यांपुरते. मग संध्याकाळी मुलगा अभिमानाने सांगतो, 'आज माझी नऊ हजार झाली', आणि त्याला ताट वाढणाऱ्या आईची किती झाली, हे कुणी विचारीत नाही.

जे मोजले जात नाही ते हळूहळू दिसेनासे होते, हे खरे भय आहे. याचा अर्थ मोजणे वाईट, असा मात्र काढू नये. केंद्र सरकारने 2024 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामांत स्त्रिया दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवितात आणि पुरुष 88 मिनिटे, असे तीत आढळले. ही कामे करणाऱ्यांपुरतीच ही सरासरी आहे, हे लक्षात घेतले, तर चित्र अधिकच विदारक ठरते. ही मोजणी झाली नसती, तर 'बायकांना घरी काम तरी काय असते?' या प्रश्नाला आकड्यांत उत्तर मिळाले नसते. माप न्यायाच्या बाजूने उभे राहू शकते. पण काय मोजायचे, हे ठरविणाऱ्याची दृष्टी आधी न्यायी असावी लागते. ॲरिस्टॉटलने शिष्यांना बजावले होते, की प्रत्येक विषयात त्या विषयाच्या स्वभावाला झेपेल इतकीच अचूकता शोधावी. सुशिक्षित माणसाचे ते लक्षण आहे. ठोके मोजता येतात. कष्ट काही अंशी मोजता येतात. कष्टांमागील माया मोजायला निघालेला माणूस सुशिक्षित म्हणविला जाणार नाही.

ख्रिस्ती परंपरेला मोजण्याचे वावडे नाही. आमची जपमाळ मण्यांनी मोजली जाते. संत इग्नेशियस लोयोला यांनी तर 1548 साली छापून प्रसिद्ध झालेल्या 'आध्यात्मिक साधने'त चक्क एक तक्ता दिला आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखाव्यात, जो दोष टाकावयाचा असेल तो दिवसात जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यावेत, आणि आज कालपेक्षा व हा आठवडा गेल्या आठवड्यापेक्षा कसा गेला, हे ताडून पाहावे, अशी त्यांची पद्धत होती. आजच्या घड्याळातील साप्ताहिक आलेख पाहिला, की आम्हांला ते ठिपके आठवतात. पण याच इग्नेशियसनी मानरेसा येथे 1522 साली मोजणीचे विषही चाखले होते. झालेल्या पापांची पुन्हा पुन्हा उजळणी, पुन्हा पुन्हा पापनिवेदन, आणि तरीही काहीतरी राहून गेल्याची टोचणी. या चक्रात त्यांचे मन पार पोळून निघाले. गतकाळातील पापे पुन्हा उकरायची नाहीत, असा निश्चय केला तेव्हा कुठे ते त्यातून सुटले. म्हणूनच त्यांच्या तक्त्यात ठिपके अखेरीस पुसले जाण्यासाठी आहेत, माणसाला छळण्यासाठी नाहीत.

मनाची ती व्याधी आज वेगळ्या वेषात आली आहे. रात्री छान झोप लागली होती, सकाळी अंग हलके होते; घड्याळाने झोपेला कमी गुण दिले आणि चेहरा उतरला, अशी माणसे आता आढळतात. झोपेच्या आकड्यांची चिंता करकरून झोप गमावणाऱ्यांसाठी वैद्यकातील काही जाणकारांनी 2017 साली एक स्वतंत्र नावही सुचविले. उलट बाजूही आहे. घड्याळ निश्चलतेवरून झोप ओळखते. सोसायटीच्या कर्जाचा किंवा मुलीच्या लग्नाचा विचार करीत, शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून कूस न बदलता पडून राहिलेल्या बापाच्या खात्यावर ते बरीच झोप लिहून टाकते. घड्याळाला त्याचे उघडे डोळे दिसत नाहीत. ते शेजारच्या माणसाने पाहावयाचे असतात.

यावरून एका कौटुंबिक प्रश्नाकडे येऊ. पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेली मुले गावाकडे आईवडिलांना हे घड्याळ पाठवितात आणि आपल्या फोनवर त्यांचे आकडे पाहतात. या भेटीमागे माया आहे, तिचा अवमान आम्ही करणार नाही. दूर असलेल्या लेकराला बापाची नाडी ठीक दिसली, की धीर येतो. मात्र त्या धीराने फोन करण्याची गरज संपली असे वाटू लागले, तर भेट उलटली म्हणावयाची. 'बाबा, जेवले काय?' या आमच्या वऱ्हाडी प्रश्नात पोटाची चौकशी कमी आणि माणसाची अधिक असते. उत्तर येण्यापूर्वी पलीकडे जो किंचित विलंब होतो, त्यातून मुलाला जे कळते, ते कोणत्याही ॲपला कळणार नाही. शिवाय बापाच्या झोपेचे नि नाडीचे आकडे मुलाकडे जाताना वाटेत कंपनीकडेही जातात, हे विसरू नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी 2023 साली आपल्या देशात कायदा झाला आहे. पण कायद्याने दिलेला हक्क वापरण्यासाठी आपण कशाला संमती देतो, हे आधी वाचावे लागते. वडिलांना ते वाचता येत नसेल, तर त्यांना समजावून सांगून, त्यांची परवानगी घेऊनच आकडे पाहावेत. म्हातारपणामुळे माणसाचा मान कमी होत नाही.

स्वस्ताईविषयीही एक शब्द. जुने घड्याळ बिघडले, तर गावच्या घड्याळजीकडे जात असे. तो एका डोळ्याला भिंग लावून ते उघडी, पुसून-तेल घालून परत देई, आणि ते आणखी वीस वर्षे चाले. आजच्या स्वस्त घड्याळाची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि ते उघडण्यापेक्षा नवे घेणे सोपे, असे दुकानदारच सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या आपल्या परिपत्रकात फेकून देण्याच्या वृत्तीविषयी जी चिंता व्यक्त केली, ती आपल्या घरातील खणांतही डोकावून पाहील. किती मृत घड्याळे नि चार्जर तेथे पडून असतात! जे आहे ते जपून वापरावे, केवळ नवा रंग आला म्हणून बदलू नये, आणि निकामी झालेले उकिरड्यावर न टाकता अशा कचऱ्याच्या संकलनाकडे द्यावे.

मग घड्याळ घ्यावे की न घ्यावे? ज्याला परवडते आणि ज्याला त्याने चालण्याची बुद्धी होते, त्याने खुशाल घ्यावे. पट्टा नीट आवळावा, एका दिवसाच्या आकड्याने हर्ष वा खेद मानू नये, आठवड्यांचा कल पाहावा. औषधाचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. घरात एकच घड्याळ असेल, तर ते एक रविवार आईच्या हातावर बांधावे; ते तिचे सारे कष्ट मोजू शकणार नाहीच, पण जेवढे मोजील तेवढ्यानेही घरातील इतरांची मान खाली जाईल, असा आमचा अंदाज आहे. मंदिरातील दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, तेव्हा नाण्यांची संख्या त्यालाही दिसत होती. संख्या पाहून तो थांबला नाही. त्या दोन नाण्यांत तिची सारी उपजीविका आहे, हेही त्याने पाहिले.

रात्री निजण्यापूर्वी घड्याळ चार्जिंगला लावताना त्यावर आजची पावले दिसतील. ती पाहावीत, आणि मग मनाशी एक प्रश्न विचारावा: यांतील किती पावले माझ्या स्वतःसाठी पडली, आणि किती कुणा दुसऱ्याच्या दारापर्यंत गेली? याचे उत्तर मनगटावर मिळणार नाही. दिवा मालवून, अंधारात थोडा वेळ जागे राहून ते आपले आपणच शोधावयाचे आहे.